वाळवलेली भाजी भिजूनही वातडच राहते : दोष शोधण्याचा क्रम

जानेवारीत पंचवटीतल्या बाजार समितीत मटार आणि गाजर स्वस्त झाले की आमच्या भागातले बचत गट आणि घरगुती उद्योग करणाऱ्या महिला भाजी वाळवायला घेतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये मला फोन येऊ लागतात. तक्रार जवळजवळ शब्दशः तीच असते : "ताई, गाजर दोन तास भिजवलं, तरी चावलं जात नाही." मी आडगाव शिवारात भाजी वाळवण्याचे छोटे युनिट चालवते आणि दिंडोरी, निफाड, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील गटांचा बिघडलेला माल पाहायला जाते. बहुतेक वेळा दोष सापडतो तो भाजी ट्रेवर पसरण्याआधीच्या पाच-सात मिनिटांत, म्हणजे पूर्वप्रक्रियेत. तरीही शोध तिथून सुरू करू नये. आधी फुकटात तपासता येण्याजोगी कारणे बाजूला काढावीत, कारण पूर्वप्रक्रिया बदलून पाहायची तर नवी भाजी आणि पूर्ण दिवस लागतो.

लक्षणे

भिजलेला काप बोटांत धरून ओढला असता रबरासारखा ताणला जातो आणि मोडला तर मधोमध कोरडा, गडद गाभा दिसतो, हे सर्वांत जास्त आढळणारे लक्षण आहे. मटारच्या बाबतीत साल सुरकुतलेली राहते आणि आतला दाणा शिजवूनही गोटीसारखा लागतो. कोबी आणि फ्लॉवर तपकिरी पडतात, मेथी-पालक खाकी होतात, गाजराचा केशरी रंग उडून ते फिकट दिसते. डबा उघडल्यावर भाजीऐवजी कडब्यासारखा वास येतो. याच्या अगदी उलट प्रकारही होतो : भाजी पाण्यात टाकताच गिळगिळीत होते आणि कालवणात तिचा लगदा होतो. शेवटचे लक्षण म्हणजे पॅकिंगच्या वेळी कुरकुरीत असलेला माल महिन्याभरात मऊ पडून त्याचा गोळा होणे.

यांपैकी नेमके कोणते लक्षण आहे ते लिहून ठेवावे. "भाजी बिघडली" एवढ्या वर्णनावरून कारण सापडत नाही. वातडपणा, रंग, वास आणि लगदा या चार वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची मुळेही बऱ्याच अंशी वेगळी आहेत.

आधी भिजवण्याचे पाणी बदलून पाहा

या तपासणीला काहीही खर्च येत नाही, म्हणून ती पहिली. एकाच पाकिटातील १०-१० ग्रॅमचे दोन वाटे घ्यावेत. एक आपल्या नेहमीच्या बोअरच्या पाण्यात आणि दुसरा आरओ फिल्टरच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्यात, प्रत्येकी १०० मिलिलिटर उकळते पाणी ओतून, झाकण ठेवून अर्धा तास भिजवावा. आपल्याकडे काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यातला कॅल्शियम भाजीच्या पेशींना एकत्र धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट बांधतो आणि भाजी मऊ पडत नाही. ज्या घरात तूरडाळ शिजायला नेहमीपेक्षा जास्त शिट्ट्या लागतात, त्या घरात वाळवलेला मटारही कडक राहण्याची शक्यता मोठी असते.

याच वेळी भाजी कशात टाकली जाते हेही विचारावे. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो घातलेल्या रश्श्यात वाळवलेली भाजी थेट टाकली तर आंबटपणामुळे ती मऊ व्हायला फार वेळ घेते. भाजी आधी साध्या गरम पाण्यात पूर्ण फुलू द्यावी आणि मीठ व आंबट नंतर घालावे. माझ्याकडे आलेल्या काही तक्रारी केवळ पाकिटावर ही एक ओळ छापल्याने मिटल्या आहेत. भिजवायला दोन तासांहून अधिक वेळ लागणार असेल तर भांडे फ्रिजमध्ये ठेवावे, कारण भिजलेली भाजी ताज्या भाजीइतकीच, किंबहुना उन्हाळ्यात तिच्याहून लवकर आंबते.

भिजवून झाल्यावर काप चाळणीत निथळून पुन्हा वजन करावे. १० ग्रॅम गाजराचे ५० ग्रॅम किंवा जास्त झाले तर मी तो माल चांगला समजते. ३५ ग्रॅमपर्यंतच गेले तर दोष आपल्या बाजूने आहे असे धरून पुढे जाते. वाळवलेले गाजर ताज्याच्या मूळ वजनाला कधीच पूर्णपणे पोहोचत नाही. वाळताना पेशी आकसतात, त्यांची आवरणे फाटतात आणि ती परत जुळत नाहीत. त्यामुळे ग्राहकालाही तसे आश्वासन देऊ नये.

मग वजनाचा हिशेब आणि बरणी

माल मऊ पडत असेल किंवा वास येत असेल, तर तो मुळात पुरेसा वाळला होता का हे साध्या काट्यावर कळते. गाजरात सुमारे ८८ टक्के पाणी असते, म्हणजे सोलून चिरलेल्या १ किलो गाजरात घनभाग साधारण १२० ग्रॅम. ६ टक्के ओलावा ठेवून ते वाळवले तर ट्रेवरून जास्तीत जास्त १२८ ग्रॅम माल उतरला पाहिजे. ब्लांचिंगच्या, म्हणजे वाळवण्याआधी भाजी ज्या उकळत्या पाण्यातून काढतात त्या, पाण्यात थोडा घनभाग निघून जातो, म्हणून प्रत्यक्षात याहूनही थोडा कमी. गटातल्या महिला अभिमानाने सांगतात की किलोला १६० ग्रॅम उतारा मिळाला, तेव्हा मला वाईट वाटते, पण सांगावेच लागते की त्यातले ४० ग्रॅम, म्हणजे चौथा हिस्सा, पाणी आहे. उतारा वाढलेला नाही, भाजी अर्धवट वाळलेली आहे. सोललेल्या मटारमध्ये पाणी कमी असते, त्यामुळे त्याचा उतारा किलोला २३० ग्रॅमच्या आसपास येतो. प्रत्येक भाजीचा हिशेब वेगळा मांडावा.

काटा नसेल तर काचेची बरणी वापरावी. पूर्ण गार झालेला माल दोन-तृतीयांश भरून झाकण घट्ट लावावे आणि आठवडाभर रोज एकदा हलवावे. काचेच्या आतून दमटपणा धरला किंवा तुकडे एकमेकांना चिकटले, तर बुरशी धरण्याआधीच माल परत ड्रायरमध्ये घालावा. काही चिकटले नाही, तर त्या आठवड्यात जास्त सुकलेल्या आणि कमी सुकलेल्या तुकड्यांतला ओलावा आपोआप सारखा होतो. पॅकिंगपूर्वी हा आठवडा देणे मी कधीच टाळत नाही.

साठवणुकीबद्दल थोडक्यात. पारदर्शक पिशवीत, उजेडात ठेवलेले गाजर फिके पडते, कारण त्यातले कॅरोटीन प्रकाशाने आणि हवेने नष्ट होते. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेचे ऊन खाल्लेला माल लवकर तपकिरी होतो. अशा मालात पूर्वप्रक्रियेचा दोष शोधत बसू नये.

कापाची जाडी

वाटीभर वाळलेले काप पांढऱ्या कागदावर पसरावेत. जाड-बारीक मिश्रण दिसले तर उत्तर तिथेच मिळते. बारीक काप जळण्याच्या बेतात असतात तेव्हा जाड कापांचा गाभा ओला असतो, आणि ब्लांचिंगमध्येही हेच घडते. गाजरासाठी ३ ते ५ मिलिमीटर ही जाडी मला योग्य वाटते. विळीवर कितीही सराव असला तरी १० किलोंनंतर हात थकतो, म्हणून साधा स्लायसर घेणे हा या व्यवसायातला सर्वांत सत्कारणी लागणारा खर्च आहे.

ब्लांचिंग : बहुतेक वेळा दोष इथे सापडतो

भाजी उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून ठरावीक वेळ काढणे म्हणजे ब्लांचिंग. भाजी तोडल्यानंतरही तिच्यातली एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारी प्रथिने, काम करत राहतात. काही रंग तपकिरी करतात, काही स्निग्धांश बिघडवून कडब्यासारखा वास आणतात. वाळवल्याने ती मंदावतात, मरत नाहीत. उष्णतेने ती निकामी करणे हा ब्लांचिंगचा पहिला हेतू आहे. दुसरा हेतू भिजण्याशी थेट निगडित आहे. उष्णतेने पेशींची आवरणे सैल होतात आणि ऊतींत अडकलेली हवा निघून जाते, त्यामुळे वाळताना पाणी सहज बाहेर पडते आणि भिजताना सहज आत शिरते.

अपुरे ब्लांचिंग मात्र कधीकधी अजिबात न करण्याहून वाईट ठरते. पेशी फुटतात, एन्झाइम जिवंत राहतात आणि ज्यापासून ती दूर ठेवलेली होती त्याच घटकांपर्यंत पोहोचतात. दिंडोरी तालुक्यातील एका गटाचे १२ किलो वाळवलेले गाजर एका खानावळीने परत केले होते, तेव्हा मी त्यांच्याकडे जाऊन पूर्ण प्रक्रिया डोळ्यांदेखत करवून घेतली. १० लिटरच्या पातेल्यात त्यांनी एका वेळी ४ किलो काप ओतले आणि त्याच क्षणापासून तीन मिनिटे मोजली. मी थर्मामीटर बुडवला तर पारा ६८ अंशांवर होता आणि पाणी पुन्हा उकळायला नऊ मिनिटे लागली. ६० ते ७० अंशांच्या या पट्ट्यात गाजरातले एक एन्झाइम उलट जोमाने काम करते आणि पेक्टिनला असे रूप देते की ते कॅल्शियमशी बांधले जाऊन काप टणक होतात. त्या महिलांनी वेळ पाळली होती, घड्याळ समोर होते, कष्टात कसूर नव्हती. पातेले लहान होते, एवढेच.

म्हणून पहिली कसोटी अशी : भाजी टाकल्यापासून एका मिनिटात पाणी पुन्हा उकळले पाहिजे. उकळत नसेल तर एका वेळची भाजी कमी करावी. अर्धा किलो भाजीला ४ लिटर पाणी हे प्रमाण घरगुती शेगडीवर सुरक्षित असते. वेळ मोजायची ती पाणी पुन्हा उकळल्यानंतर. ३-४ मिलिमीटर जाडीच्या गाजराला तीन मिनिटे, फ्लॉवरच्या तुऱ्यांना तीन ते चार, मटार आणि फरसबीला सुमारे दोन, चिरलेल्या कोबीला दीड ते दोन, आणि मेथी-पालकाला पाने मान टाकेपर्यंत, म्हणजे साधारण दीड मिनिट, असे मी धरते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांनाच उकळते, म्हणून जाड कापांना मी सांगितलेल्या वेळेहून थोडे जास्तच देते, कमी कधीच देत नाही.

दुसरी कसोटी पैशांनी स्वस्त आणि डोळ्यांना स्पष्ट दिसणारी आहे. औषधांच्या दुकानात मिळणारे ६ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढ्याच पाण्यात मिसळावे. ब्लांच करून गार केलेला एक काप आडवा कापावा, शेजारी कच्च्या गाजराचा काप ठेवावा आणि दोन्हींच्या मधोमध द्रावणाचा एक-एक थेंब टाकावा. कच्च्या कापावर लगेच पांढरा फेस येतो. ब्लांच केलेल्या कापावरही गाभ्याजवळ बारीक बुडबुड्यांची रांग उठली, तर आत उष्णता पोहोचलेली नाही. बाहेरची कड शांत आणि मधला ठिपका फसफसणारा, हे दृश्य एकदा दाखवले की गटातल्या कुणालाही पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. फेस आणणारे एन्झाइम तुलनेने लवकर निकामी होते, वास व रंग बिघडवण्याशी जोडलेली काही त्याहून चिवट असतात. त्यामुळे बुडबुडे थांबले त्या वेळेत आणखी अर्धे मिनिट मिळवूनच वेळ पक्की करावी. तपासणीचे तुकडे टाकून द्यावेत, मालात मिसळू नयेत.

लगदा होत असेल तर हीच गोष्ट उलट्या बाजूने झालेली असते. उष्णता जास्त वेळ मिळाल्याने पेक्टिन पाण्यात विरघळून गेलेले असते. असे काप ट्रेला चिकटतात आणि जाळीचा ठसा घेऊन वाळतात. वेळ पाव मिनिटाने कमी करत पुन्हा बुडबुड्यांची कसोटी घ्यावी. पालेभाजी ब्लांच करताना झाकण ठेवू नये. पानांतली उडून जाणारी आम्ले झाकणाखाली कोंडतात आणि हिरवा रंग खाकी करतात.

कांदा आणि लसूण यांना ब्लांचिंग करू नये. त्यांचा तिखट वास आणि चव ज्या एन्झाइममुळे तयार होते तेच उष्णतेने मरते आणि हाती गोडसर, निर्जीव चकत्या येतात. लासलगाव जवळ असल्यामुळे नाशिकमध्ये कांदा वाळवण्याचा मोह होतोच, पण आपला लाल कांदा त्या कामाचा नाही. निर्जलीकरणासाठी जास्त घनभागाचा पांढरा कांदा लागतो आणि तो उद्योग प्रामुख्याने गुजरातेत महुव्याला वाढला आहे. ढोबळी मिरचीलाही मी ब्लांचिंग करत नाही.

मटारची गोष्ट निराळी आहे. ब्लांचिंग बरोबर असूनही दाणा भिजत नसेल तर अडथळा सालीचा असतो. बेदाण्यासाठी द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, ते सालीवरचा मेणाचा थर मोडून पाण्याला वाट करून देण्यासाठी, हे निफाड-पिंपळगावच्या बागायतदारांना सांगायला नको. मटारला तेच काम टोचणीने करावे लागते. खात्री करायची असेल तर शंभर दाणे घेऊन पन्नासांना सुईचे एकेक टोचे मारावेत, सर्व दाणे सोबतच वाळवावेत आणि दोन वाट्यांत भिजवावेत. टोचलेले दाणे गोल फुगतात, न टोचलेल्यांची सुरकुती राहते. सुई फक्त या चाचणीपुरतीच वापरावी, कारण तुटलेले टोक अन्नात जाण्याचा धोका पत्करता येत नाही. विक्रीच्या मालासाठी मटार टोचण्याचे यंत्र लागते.

गार करणे आणि निथळणे

ब्लांचिंगनंतर भाजी लगेच थंड पाण्यात टाकावी, नाहीतर ती स्वतःच्या उष्णतेने शिजत राहते. गार झाली की लगेच काढून जाळीवर निथळावी. पाण्यात तासभर पडून राहिलेल्या भाजीतून गोडी आणि जीवनसत्त्वे निघून जातात, आणि ड्रायरला तेवढे जास्त पाणी उडवावे लागते.

केएमएस आणि सोडा जपून वापरावा

रंग टिकवण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे आपण ज्याला केएमएस म्हणतो, ते वापरतात. ते ब्लांचिंगला पर्याय नाही. खाद्य दर्जाचे केएमएस १ लिटर थंड पाण्यात ५ ग्रॅम या प्रमाणात घेऊन, ब्लांच केलेली भाजी त्यात १० मिनिटे ठेवणे पुरते. गरम पाण्यात टाकल्यास सल्फर डायऑक्साइड वायू हवेत उडून जातो, भाजीला उपयोग होत नाही आणि खोलीतल्या माणसांना खोकला लागतो. भांडे स्टीलचे किंवा खाद्य दर्जाच्या प्लास्टिकचे असावे, लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे नको. दम्याचा त्रास असलेल्या व्यक्तीने हे काम करू नये. काही दमेकऱ्यांना असा माल खाल्ल्यानेही त्रास होतो, म्हणून सल्फाइट वापरल्याचे पाकिटावर छापणे मी ग्राहकाशी असलेले कर्तव्य मानते. त्याने ब जीवनसत्त्वांपैकी थायमिनही नष्ट होते, त्यामुळे घरच्या वापराच्या भाजीला मी ते लावत नाही.

पालेभाजीच्या पाण्यात खाण्याचा सोडा घातल्याने हिरवेपणा टिकतो. प्रमाण लिटरला १ ग्रॅमच्या आतच ठेवावे, कारण त्याहून जास्त सोड्याने पाने गळतात आणि क जीवनसत्त्व जाते.

शेवटी ड्रायर

आतापर्यंतचे सर्व ठीक असेल आणि तरीही कापाचा बाहेरचा थर कडक व आतला गाभा दमट असेल, तर सुरुवातीचे तापमान जास्त आहे. काम लवकर उरकावे म्हणून ७५-८० अंशांवर सुरू केलेल्या ड्रायरमध्ये कापाचा पृष्ठभाग आधी वाळून घट्ट पापुद्रा धरतो. आतले पाणी अडकते आणि पुढे भिजवतानाही तोच पापुद्रा पाण्याला आत येऊ देत नाही. मी ५५ ते ६० अंशांवर सुरू करते, ट्रेच्या एका चौरस मीटरवर ४ ते ५ किलोपेक्षा जास्त भाजी पसरत नाही आणि अखेरीस तापमान ५० पर्यंत उतरवते. ड्रायरवरच्या आकड्यावर विसंबू नये. स्वतंत्र थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात बुडवावा, नाशिकमध्ये तो ९८ च्या जवळपास आला तर खरा मानावा, आणि मग वरच्या, मधल्या व खालच्या ट्रेवर ठेवून नोंद घ्यावी. उन्हात वाळवणाऱ्यांनी रात्री ट्रे आत घ्यावेत. निफाडच्या बाजूला जानेवारीत थंडी कडाक्याची असते आणि पहाटेचे दव दिवसभराची मेहनत परत ओली करते.

कुठे थांबावे

बुरशीचा ठिपका, आंबूस वास किंवा तार दिसली तर कोणतीही तपासणी करू नये, कुणाला दाखवूही नये. तो पूर्ण लॉट फेकून द्यावा. पुन्हा वाळवल्याने बुरशीचे विष जात नाही.

ड्रायरच्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील, ट्रे-ट्रेमध्ये १० अंशांहून जास्त फरक असेल किंवा तापमान ठरवल्या जागी थांबत नसेल, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला किंवा ड्रायर बनवणाऱ्याच्या माणसाला बोलवावे. हीटर आणि थर्मोस्टॅट स्वतः उघडू नयेत. ओल्या हातांची ती जागा नव्हे.

माल विकायचा असेल तर सल्फर डायऑक्साइडचे उरलेले प्रमाण, नेमका ओलावा आणि टिकण्याची मुदत अंदाजाने ठरवता येत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच नमुना द्यावा लागतो. वरील सर्व तपासण्या करून सलग तीन लॉट बिघडले तर चौथा लावू नये आणि कृषी विज्ञान केंद्रातील किंवा ओळखीच्या अन्नतंत्रज्ञाचा सल्ला घ्यावा. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. बिघडलेल्या लॉटचे ५० ग्रॅम, चांगल्या लॉटचे ५० ग्रॅम, आपल्या पाण्याची लिटरभर बाटली आणि वहीतले ते पान न्यावे, ज्यावर पातेल्याचे माप, एका वेळची भाजी, पाणी पुन्हा उकळायला लागलेला वेळ, ब्लांचिंगची मिनिटे, ड्रायरचे तापमान आणि सुरुवातीचे व शेवटचे वजन लिहिलेले आहे.